गार उजेड

परवा पहाटे दार उघडलं तर अंगणात लावलेली गाडी जागेवर दिसेना. पायऱ्या उतरून हात पुढं केला, तेव्हा तिचं थंडगार ओलं बॉनेट हाताला लागलं. धुकं आलं होतं. पलीकडच्या रस्त्यानं उसाची गाडी चालली होती, ती नुसती ऐकू येत होती. आणि कारखान्याच्या मळीचा तो आंबूस वास, जो आमच्याकडं हिवाळाभर घरातल्या माणसासारखा मुक्काम ठोकून असतो. मी तशीच हात टेकून उभी राहिले आणि गेल्या वर्षीचा हंगाम सगळाच्या सगळा आठवला.

आमचं गाव पलूसच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. नदी, पाणी पाजलेली उसाची रानं आणि थंडी, ही तिन्ही एकत्र आली की धुकं पडायला चौथं काही लागत नाही. शहरातली माणसं अशा धुक्याचे फोटो काढतात. आम्ही ते काढत नाही, कारण आम्हाला त्यातून कुठंतरी जायचं असतं. माझं माहेर मात्र आटपाडीकडचं, दुष्काळी. तिकडं हवेत काही उठलंच तर तो फुफाटा. लग्न होऊन आले त्या वर्षी पहिल्यांदा हे धुकं बघितलं आणि कुणाचा तरी गोठा पेटला असं वाटून सासूबाईंना हाक मारली होती. त्या जाईपर्यंत ती गोष्ट हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगत राहिल्या.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मेंढपाळ. सारी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री आणि आम्ही सगळे, माणदेशातून निघायचा तो खाली कृष्णाकाठाला यायचा. शेतकरी मेंढरं रानात बसवून घ्यायचे, रानाला लेंडीखत मिळायचं, आम्हाला धान्य. त्यामुळं ज्या गावात मला दिलं त्या गावची निम्मी रानं आबांच्या ओळखीची निघाली. आता त्यांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार मिरजेला डायलिसिस. माहेराहून मिरज लांब पडते, म्हणून ते माझ्याकडं राहतात. भाऊ म्हणाला होता, जावयाच्या घरी किती दिवस? मी म्हटलं, मिरज जवळ येईपर्यंत.

मिरजेला पहिली पाळी सकाळची. वेळेत पोचलं नाही तर मशीन दुसऱ्याला जातं, कारण वाट बघणारे बरेच असतात. आमचे हे साखर कारखान्यात. बॉयलर पेटला की आमच्या घरातला नवरा तीन पाळ्यांत वाटला जातो आणि आमच्या वाट्याला येतो तो झोपलेलाच. तेव्हा गाडी चालवायची कुणी? मी चाळिशी उलटल्यावर शिकले. गावचं वाचनालय संध्याकाळी उघडायचं एवढीच माझी नोकरी, सकाळ माझी स्वतःची. शिकवणारा म्हणाला होता, ताई, तुम्ही स्टेअरिंग फार आवळून धरता. मी म्हटलं, सोडण्यासाठी धरलेलंच नाही.

गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. पुढच्या बंपरमध्ये खाली दोन छोटे दिवे असतात, धुक्यासाठीचे. त्यातला एक मेलेला आणि दुसरा समईपेक्षा किंचित बरा. धुकं सुरू व्हायच्या आत ते बदलायचे ठरवून आम्ही मिरजेहून येताना सांगलीत थांबलो. दुकानदार रियाजभाई. त्यांनी जुने काचेचे बल्ब काढायचे, नवे एलईडी घालायचे, असं समजावून सांगितलं आणि काचेवर दोन डब्या ठेवल्या. एकीत पिवळा उजेड, एकीत पांढरा. दोन्ही पेटवून दाखवले. त्यांचा कल पिवळ्याकडं होता, तसं ते म्हणालेही. तेवढ्यात स्टुलावर बसलेले आबा म्हणाले, "पांढरा घे, सुमे. दुधागत हाय."

यात काय एवढं, असं वाटेल. पण त्या माणसाच्या तोंडून कित्येक महिन्यांत ‘घे’ हा शब्द आलेला नव्हता. दुखणं लागल्यापासून पाणी मोजून, मीठ नाही, केळ नाही, नारळाचं पाणी नाही. आजूबाजूला गुऱ्हाळं पेटलेली, गरम काकवीचा वास भिंतीतून घरात येतो आणि त्यांनी बोटसुद्धा चाटायचं नाही. विचारावं ते ‘नको’ म्हणायचे. नवा सदरा? नको. टीव्ही लावू? नको. अशा माणसाला काहीतरी आवडलं होतं. मी पांढरे घेतले.

ह्यांनी सुट्टीच्या दिवशी ते बसवले. लांबवर पडू दे म्हणून खालचा स्क्रू फिरवून दिव्यांचं तोंडही जरा वर केलं. आमच्याकडं नवी वस्तू नुसती वापरत नाहीत. आबांनी दिव्यांना हळदकुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला, त्यातलं पाणी दुसऱ्यांना पाजलं. दिवे लावले तेव्हा उजेड थेट समोरच्या घराच्या माडीवर गेला आणि तिथल्या काकूंनी खिडकी लावून घेतली. आबा खुशीत होते. ह्येला म्हंत्यात दिवा, असं ते शेजारच्या कुत्र्यालाही सांगत होते.

मग धुकं आलं.

त्या गुरुवारी आम्ही गाव सोडलं आणि मी ते दोन्ही पांढरे दिवे लावले. पुढं भिंत उभी राहिली. पांढरी, जवळ, डोळ्यांत घुसणारी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते हेच. मला वाटलं, धुकंच आज जास्त आहे. दिवे चांगलेच असणार, आबांना आवडलेले आहेत. मी चिकाटीनं पुढं निघाले. आबांनी त्यांच्या बाजूची काच नेहमीप्रमाणं खाली केलेली. बंद गाडीत त्यांचा जीव गुदमरतो. गार वारा कानात शिरत होता आणि मी मनातल्या मनात मशीनची वेळ घोकत होते.

"थांब," आबा म्हणाले.

आवाज चढवला नाही, काही नाही. पण वाड्यावर त्या आवाजात ‘थांब’ म्हटलं की कुत्रीसुद्धा पाय उचललेला तसाच धरायची. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि पांढऱ्या भिंतीतून उसाची हिरवी वाढी, शेंड्याची पाती, बाहेर आली, आमच्या बॉनेटवर टेकलेली, हलणारी. ऊसतोड्यांची बैलगाडी होती. मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. मोळ्यांवर एक बाई पोराला छातीशी घेऊन बसली होती आणि ती आमच्याकडं बघतही नव्हती, कारण तिला आम्ही दिसतच नव्हतो.

आबांनी फक्त एवढंच सांगितलं की बैलांची घुंगरं वाजली.

गाडीवान खाली उतरून मागं आला. भांडेल असं वाटलं. तो डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "बाई, मागनं उजेड आला आन् सगळं पांढरंच झालं. मला माझी बैलंबी दिसंनात." मी ते दिवे बंद केले. मग चौकापर्यंत त्या बैलगाडीच्या मागं, बैलांच्या चालीनं, पिवळे इंडिकेटर चालू ठेवून गेले, म्हणजे निदान आमच्या मागून येणाऱ्याला ती गाडी कळावी. बाईनं आता आम्हाला पाहिलं. पोराचा हात धरून तिनं तो आमच्याकडं हलवला.

मिरजेत पोचलो तेव्हा आमचं मशीन एका अत्यवस्थ बाईंना दिलेलं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती. दुपारच्या पाळीला बघू म्हणाले. बाकावर बसून आबांचे पाय सुजत गेले, चपलेचा पट्टा कातडीत रुतला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी खाली बसून त्यांची चप्पल काढली. ते छताकडं बघत राहिले. मशीन मिळालं ते पार दुपारी.

परतीच्या वाटेवर, सांगली मागं पडल्यावर, ते म्हणाले, "सुमे, आता बास. शनवारी जायाचं न्हाई. कळपातलं एक थकलं म्हणून सगळा कळप खड्ड्यात घालत न्हाईत. ते मागं ऱ्हातं."

मी गाडी कडेला घेतली नाही. चालवता चालवताच विचारलं, "तुमी ठेवलं हुतं का कवा मागं?"

विचारलं आणि मला लहानपणीची एक लंगडी मेंढी आठवली. मी घोड्यावर, पुढ्यात दोन कोकरं आणि कोंबड्यांची डालगी. आई घोड्याचा लगाम धरून चाललेली. आणि मागं आबा, खांद्यावर ती भलीमोठी मेंढी, तिचे पाय छातीशी धरलेले, अख्खा चढ. आई करवादत होती की एका मेंढीपायी माणूस मोडायचा. आबा म्हणायचे, तिला रस्ता ठाऊक हाय. खोटं होतं ते. मेंढीला कसला रस्ता ठाऊक. त्यांना ती टाकवत नव्हती, आणि धनगराला तसं बोलून दाखवता येत नाही. म्हणून कारण शोधलं होतं.

मीही त्याच घरची. मला राग आला होता. धुक्याचा, त्या दिव्यांचा, आबांच्या ‘बास’ या शब्दाचा. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं की शनिवारी जायचं, वेळेत जायचं आणि बघत जायचं.

शुक्रवारी सकाळी न्हाणीत बंब पेटवला. पाणी उकळून वाफेनं खोली भरली तेव्हा टॉर्च घेऊन आत गेले. टॉर्च डोळ्यांजवळ धरला तर समोर तीच पांढरी भिंत. तोच गुडघ्याशी नेऊन जमिनीकडं वळवला तर पायापुढची फरशी, तिची फट, मोरीचं तोंड सगळं स्वच्छ. मी तो वर-खाली करत राहिले. बाहेरून ह्यांनी विचारलं की काय चाललंय. मी म्हटलं, अंघोळ. वाफेवर वरून टाकलेला उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो, एवढं समजायला मला अख्खं एक मरण समोर बघावं लागलं होतं. आम्हाला लांबचं बघायचं होतं. धुक्यात लांबचं बघायचंच नसतं.

दुपारी सांगलीला गेले. रियाजभाई जुम्म्याच्या नमाजला निघायच्या घाईत होते. मी पांढरे परत ठेवले आणि पिवळे मागितले. म्हटलं होतं ना, असं ते म्हणाले नाहीत. म्हातारबाबा कसे आहेत, एवढं विचारलं. नमाज झाली की माणूस बसवून देईल म्हणाले, पण मला थांबायचं नव्हतं. ह्यांचं बसवणं मी बघितलेलं होतं. ह्यांना जमतं ते मला न जमायला काय झालं?

चाक पूर्ण एका बाजूला वळवायचं, मग चाकावरच्या प्लॅस्टिकच्या पडद्याचे खिळे निघतात आणि हात आत जातो. आत दिसत काही नाही, बोटांनीच ओळखायचं. बल्बची मान थोडी फिरवली की तो सुटतो. पिवळा घातला, खटका लागला, दिवा लागलाच नाही. मनगट खरचटलेलं, कोपरभर चिखल. मग आठवलं, ह्यांचाही पहिल्यांदा लागला नव्हता. पिन काढून उलटी लावली, आणि लागला. दुसऱ्या बाजूला हात आपोआप गेला.

राहिलं होतं दिव्यांचं तोंड खाली करायचं. दिवेलागणीला गाडी वाचनालयाच्या भिंतीसमोर नेली. भिंतीवर उजेडाची वरची कड कुठवर येते ते बघत स्क्रू फिरवायचा. पण एका माणसानं खाली वाकायचं आणि त्याच वेळी भिंतीवर खूण धरायची, हे कसं जमावं? आबा तिथल्या कट्ट्यावर पाठ करून बसले होते. मी म्हटलं, आबा, भिंतीला काठी लावून धरा जरा. ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं नाही, नुसती स्क्रू फिरवत राहिले, मुद्दाम चुकीच्या बाजूला. उजेड भिंतीवरून छपरावर चढला. अखेर मागून खोकल्याचा आवाज आला आणि त्यांची मेंढरामागची काठी भिंतीला लागली. काठीला बुडाकडं एक गाठ आहे, दिव्याच्या उंचीच्या जरा खाली येते. त्या गाठीवर उजेड आणून मी स्क्रू सोडला. खाली, रुंद, हळदीसारखा पिवळा पट्टा पडला होता. आबा कट्ट्यावर परत जाऊन बसले.

शनिवारी पहाटे मी गाडी बाहेर काढून दिवे लावून बसले. हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं ते घोंगडी पांघरून बाहेर आले आणि दार उघडून म्हणाले, "दिवं कसं पडत्यात ते बगाय येतो. मशीनवर बसाय न्हाई." मी मान डोलावली.

धुकं गुरुवारपेक्षा दाट होतं. पण पायापुढचा रस्ता होता. कडेची पांढरी रेघ, साईडपट्टीचं गवत, एखादा पडलेला ऊस. थोडं थोडं दिसत जायचं आणि तेवढंच पुरायचं. पिवळ्या रंगानं धुकं फाटतं वगैरे खरं नाही. डोळ्याला कमी बोचतं इतकंच. काम केलं ते खाली बघण्यानं. आबांची काच खाली, कान बाहेर. मी डोळ्यांनी चालवत होते, ते कानांनी. वाटेत दोन बैलगाड्या लागल्या, दोन्ही आधी कळल्या.

निम्म्या वाटेवर उजेड मंदावला. वाटलं, बसवण्यात चुकले. गाडी कडेला घेऊन उतरले तर दिवे चालूच होते, फक्त काचांवर दव साचून वर चिखलाचा थर बसला होता. मी फडकं शोधेपर्यंत आबा उतरून वाकले होते. पटक्याच्या टोकानं त्यांनी काच पुसली, मग तळवा तिच्यावर ठेवला, आणि तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"ह्यो गार कसा?"

मी सांगितलं की एलईडी पुढून तापत नाही. जुना बल्ब गरम व्हायचा, आपल्याच उबेनं काचेवरचं दव वाळवायचा. ह्याचा उजेड गार. ह्याचं दव ह्याला वाळवता येत नाही.

त्यांनी दुसरी काच पुसली, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हंजी ह्येला पुसाय माणूस लागतंय."

"लागतंय की," मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. मिरजेत पोचल्यावर ते न सांगता उतरले, न सांगता वजनाच्या काट्यावर चढले आणि मशीनच्या खुर्चीत जाऊन डावा हात पुढं केला. त्या हाताची शीर शस्त्रक्रियेनं फुगवलेली आहे. कान लावला तर आत जात्यासारखी घरघर ऐकू येते. सुया टोचताना ते मला सांगत होते की येताना नदीच्या वळणावर पुन्हा थांबायचं, तिथं दव जास्त पडतं.

मी हे पुष्कळदा मनात घोळवते. त्या माणसाला आम्ही सगळे सांभाळत होतो. औषधं मी देत होते, गाडी मी चालवत होते, पाणी मी मोजत होते, सुया सिस्टर टोचत होत्या. त्यांच्या वाट्याला फक्त बसणं आलं होतं. ज्यानं जन्मभर शेकडो मुकी जनावरं राखली त्याला कुणी राखावं, यानं ते खचत होते आणि मला ते दुखण्यातच जमा वाटत होतं. त्यांना मरायची ओढ नव्हती. त्यांना काम नव्हतं.

त्या शनिवारनंतर एकही पाळी चुकली नाही. जुनं धोतर फाडून त्यांनी फडकी केली, गाडीच्या दाराच्या कप्प्यात घडी घालून ठेवली, दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायचा नाही. वाटेत ठरलेल्या जागी थांबायचं, ते उतरणार, दोन्ही काचा पुसणार, तळवा टेकवून बघणार, मगच गाडी हलणार. मेंढरांची वाट जशी पाणवठ्यांवरून ठरायची तशी आमची मिरजेची वाट पुसण्याच्या थांब्यांवरून ठरली. वाटेत कुणाचं रान दिसलं की, ह्येच्यात माझी मेंढरं बसली हुती, असं सांगायचे. मळ्यावरच्या तोडकऱ्यांच्या कोपींपाशी, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, एक दिवस थांबून आम्ही त्यांच्या गाड्यांच्या मागं लाल चमकत्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी सरळ बसली का हे आबा काठीनं दाखवत होते आणि मी मुकाट्यानं ऐकत होते.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. आबा आता अजून वाळले आहेत, पायऱ्या उतरताना माझा खांदा धरतात. यंदा धुक्याच्या आधी ह्यांनी सांगलीहून एक बाटली आणली. त्यातलं औषध काचेवर लावलं की पाणी टिकत नाही, दव आपोआप ओघळून जातं, पुन्हा पुसायला नको. रियाजभाईंनीच दाखवली म्हणे. ह्यांनी काळजीनं आणली होती, म्हणून मी छान म्हटलं. मग ती वाचनालयात नेली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या मासिकांच्या मागं, सील न तोडता ठेवून दिली. ती तिथंच राहणार आहे.

परवा त्या ओल्या बॉनेटवर हात टेकून उभी होते, तेवढ्यात धुक्यात खालच्या बाजूला काहीतरी हललं. बंपरपुढं आबा उकिडवे बसले होते. घोंगडी खांद्यावरून घसरलेली, सुईचा हात पोटाशी धरलेला, उजव्या हातानं काच पुसणं चाललेलं. माझ्याआधी कधी येऊन बसले होते कोण जाणे. मला बघून ते उठले नाहीत. तळवा काचेवर टेकवून, समाधान होईपर्यंत तसाच ठेवला.

"नुसती उबी काय ऱ्हातीस?" ते म्हणाले. "चल. मशीन दुसऱ्याला जाईल."